जिद्दीचं मानपत्र

सरांसमोर मोठा शब्द काढायची चोरी होती. स्टाफरूममध्ये कुणी सहज म्हणावं, "काल लय संघर्ष करून सिलेंडर मिळवलं," की सरांनी चष्मा कपाळावर चढवलाच म्हणून समजा. "संघर्ष? म्हणजे घासाघाशी. कुणाला किती खरचटलं?" समोरचा वर्तमानपत्रात डोकं घालायचा. सर मात्र उत्तराची वाट बघत बसायचे, चहावर साय धरेपर्यंत. वाटायचं, चेष्टा करतायत. पण चेष्टा नसायची. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं, आणि तेच जास्त डोक्यात जायचं.

खरं सांगते, पहिलं वर्षभर मला हा माणूस आवडला नाही. सोनपेठ तालुक्यातल्या त्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा शिक्षण सेवक होते. म्हणजे तीन वर्षं पडेल ते काम करायचं, मुख्याध्यापकांच्या होला हो म्हणायचं, आणि शेवटी मान्यतेचा कागद हातात पडला तर पडला. सर मराठीचे. शाळेत सगळ्यांत जुने, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. घरचे सगळे परभणीला आणि हे गावात खोली करून एकटे. भाकरी स्वतः थापायचे. ती इतकी जाड असायची की डबा उघडला की शिपाईसुद्धा म्हणायचा, "सर, ही भाकर हाय का पाटी?" सर म्हणायचे, "चावून बघ. दात सांगतील."

आठवडी बाजार हा त्यांचा देव. भाजी अर्धा किलो घ्यायची आणि तास दीड तास शब्द विचारत फिरायचं. लोहाराला विचार, कासाराला विचार, बैलाच्या दलालाला विचार. एसटीच्या तिकिटामागं बारीक अक्षरात लिहून घ्यायचे. पावसाळ्यात खिशात भिजून त्यांचा लगदा व्हायचा, मग पुढच्या बाजाराला परत तेच विचारायचे. बाजारातली माणसं वैतागायची नाहीत, याचं मला नवल वाटायचं. वैतागायचो आम्ही, पगारी माणसं. "शब्दाचं गाव विचारावं," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जात विचारू नये." हे वाक्य ते ज्या कुणाला ऐकवायचे त्याला पुढचा अर्धा तास सुटका नसायची.

एकदा शाळेत एक व्याख्याते आले होते. कानाला माइक लावलेला, कोट घातलेला, जूनच्या उकाड्यात. मुलांना म्हणाले, "मनात जिद्द असेल तर डोंगरसुद्धा हलतो! म्हणा माझ्याबरोबर, जिद्द!" मुलं ओरडली, "जिद्द!" मागच्या रांगेतून सरांनी हात वर केला. व्याख्यात्यांना वाटलं, कुणी भारावलं. "बोला सर, बोला!" सर उठून अगदी नम्रपणे म्हणाले, "डोंगरानं काय केलं होतं?"

पोरं खो खो हसली. व्याख्यातेही हसले, न कळून. मुख्याध्यापकांचा चेहरा मात्र असा झाला, की त्या दिवशी कुणी रजेचा अर्ज पुढं सरकवायची हिंमत केली नाही.

मला वाटलं, झालं, म्हातारा विदूषकपणा करतोय. दुसऱ्या दिवशी माझा तास मोकळा होता आणि शेजारच्या वर्गातून त्यांचा आवाज येत होता. दहावीला सांगत होते. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. मास्तर एक शब्द द्यायचे आणि म्हणायचे, इसकी ज़िद लिखो. दिन दिला की पोरांनी रात लिहायचं. गरम दिलं की सर्द. "आमच्या घरात जिद म्हणजे उलटा शब्द," सर म्हणत होते. "अरबीतून आलाय. विरुद्ध, समोरचा, आडवा. पुढं उर्दूत त्याचा हट्ट झाला. आणि आपण मराठीत त्याला हार घातला. पण मूळ विसरू नका रे. एकट्यानं जिद्द होत नसते. कुणीतरी समोर लागतं. जिद्द म्हणलं की आधी विचारायचं, कुणाशी?"

मग त्यांनी बाजारातल्या बांगड्यावालीचं सांगितलं. तिचं घरातलं बोलणं दखनी. तिला यांनी विचारलं होतं, जिद चांगली का वाईट? ती कुणाच्या तरी हातात बांगडी चढवत म्हणाली, "बच्चे की बुरी, मरद की घर बिगाडती. औरत की तो कोई जिद बोलतेच नईं सर, उसको नसीब बोलते."

वर्गात मुलं हसली. एक मुलगी हसली नाही. तिसऱ्या बाकावरची शीतल. खिडकीतून मला तिचा चेहरा दिसला आणि मी लगेच विसरलेही. विसरायला वेळ किती लागतो माणसाला!

आता त्या पुरस्काराचं सांगते. हे लिहिताना आजही मला राग येतो.

आमच्या संस्थेचा एक 'जिद्द पुरस्कार' होता. दरवर्षी सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की त्याच मांडवात द्यायचा. शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र. जुलै लागला की मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये यायचे आणि म्हणायचे, "बगा बरं, औंदा कुणाचं लय वाईट चाललंय." मग सुरू व्हायचं. "माझ्या वर्गात एक बिनआईचा हाय सर." "त्यात काय, माझ्याकडची बगा. बाप न्हाई, अन् आजी दम्याची." "अन् माझा तर हॉटेलात कपबशा धुतो सकाळी." बोली लावल्यासारखं. ज्याच्या वर्गातलं दुःख निवडून यायचं त्या शिक्षकाचा मांडवात उल्लेख व्हायचा. आपण काय बोलतोय याची शरम कुणालाही वाटत नसे. मला तरी कुठं वाटली? त्या वर्षी जिंकले ते मीच. मी शीतलचं नाव दिलं.

शीतल चार किलोमीटरवरच्या वस्तीवरून चालत यायची. जाऊन येऊन आठ. मधे ओढा, दोन्ही बाजूंनी ऊस, काळ्या मातीचा रस्ता. पावसाळ्यात चपला हातात. तरी हजेरीत एक खाडा नाही आणि विज्ञानात वर्गात पहिली. मुख्याध्यापक खूश झाले. "फोटो लय भारी येतील," म्हणाले. "चिखलातला एक काढून ठेवा."

आणि मला एक गोष्ट ठाऊक होती. जूनमध्येच वस्तीवरच्या अकरा मुलामुलींच्या आईवडलांनी अर्ज दिला होता. सकाळ संध्याकाळ एसटीची एक फेरी वस्तीपर्यंत यावी. डेपोतल्या लोकांनी सांगितलं होतं, शाळेचं पत्र आणा, मुलांची यादी आणा, शिक्का मारून आणा, फेरी लावून देतो. इतकंच. एक पत्र आणि एक शिक्का. मी जुलैत मुख्याध्यापकांना विचारलं तेव्हा त्यांनी टेबलाचा खण ओढून दाखवला. अर्ज तिथं होता, खडूच्या डब्याखाली. "आहे की. कुटं पळून जायलाय? सतरा सप्टेंबर होऊ द्या. संस्थेच्या सचिवसाहेबांनी पाव्हणे बोलावलेत. गाडी आत्ताच चालू झाली तर चालत येण्याचं काय ऱ्हातं, मॅडम?"

हे तो माणूस हसत म्हणाला. वाईट नव्हता हो, हेच तर डोक्यात तिडीक जाणारं आहे. कुणाचं वाईट चिंतायचा नाही, पोरांना वह्या वाटायचा, आणि अकरा पोरांची गाडी खडूच्या डब्याखाली ठेवून रात्री शांत झोपायचा. आणि मी? मी "बरं सर" म्हणाले. तीन वर्षांतलं दुसरं वर्ष चालू होतं माझं.

मानपत्र लिहायचं आणि वाचायचं काम सरांकडं आलं, कारण अक्षर आणि आवाज दोन्ही त्यांचे. ते म्हणाले, रस्ता बघितल्याशिवाय लिहिणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, रस्त्यात काय बगायचंय? चिखल हाय." सर हटले नाहीत. वर्गशिक्षक म्हणून मलाही जावं लागलं. सकाळी दूधवाल्याच्या टमटममधून आम्ही वस्तीवर गेलो आणि शीतलबरोबर परत चालत निघायचं ठरलं.

तिच्या वडलांनी चहा दिला. दोन एकरवाले, तोंडानं कमी बोलणारे. सरांना म्हणाले, "सर, आमच्या गाडीच्या कागदाचं काय झालं? हेडसरांजवळ दिला होता जूनला."

"कसला कागद?" सरांनी विचारलं.

मी कपात बघत राहिले.

वाटेत चिखल होता तो घोट्याच्या वर. ओढ्यावर सिमेंटचा पाइप टाकलेला, त्यावरून शीतल चालत गेली आणि आम्ही दोघं चक्क बसून सरकलो. तिथंवर ती मजेत होती, सरांना पिकांची नावं सांगत होती. ऊस लागला आणि तिची बडबड बंद झाली. पाय इतके भरभर उचलायला लागली की सरांना धाप लागली.

"अगं, हितं कामून पळायलीस?"

ती थांबली. मागं बघितलं, पुढं बघितलं. "हितं दोन पोरं गाडी आडवी लावत्यात सर. रोज न्हाई. कदीमदी. काई करत न्हाईत, नुसतं वाट देत न्हाईत." मग सरांच्या अंगावर आल्यासारखी म्हणाली, "घरी सांगू नका बरं सर. अप्पा शाळा बंद करतील. कुणालाच सांगू नका."

"नाही सांगणार," सर म्हणाले. मी साक्षीदार आहे.

ती पुढं गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, कागदाचं तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणाले, होतं. कारणही सांगितलं. त्यांनी चिखलात रुतलेली चप्पल काढली, हातात घेतली आणि शाळेपर्यंत अनवाणीच चालले.

सतरा सप्टेंबरला मांडव भरला होता. स्टेजवर पाहुणे, सचिवसाहेब, मुख्याध्यापक. शीतलच्या वडलांना फेटा बांधून खुर्चीत बसवलेलं. त्यांच्या सासुरवाडीची माणसंही सत्कार बघायला मुद्दाम मानवतहून आली होती. सचिवसाहेबांनी निजामाला शिव्या घातल्या, शूरवीरांना वंदन केलं आणि शीतलला 'मराठवाड्याच्या मातीची लेक' म्हणाले. टाळ्या झाल्या. मग सर उठले. फ्रेममधला पहिला परिच्छेद वाचला, सुंदर वाचला. आणि फ्रेम टेबलावर पालथी ठेवून खिशातून कागद काढला.

"पुढचं फ्रेममध्ये मावलं नाही," ते म्हणाले. "जिद्द म्हणजे कुणाच्या तरी विरुद्ध उभं राहणं. ही मुलगी रोज आठ किलोमीटर ज्यांच्या विरुद्ध चालते, त्यांची नावं मानपत्रात पाहिजेत. पहिले आमचे मुख्याध्यापक. गाडीचा अर्ज जूनपासून त्यांच्या खणात आहे, का तर आजचा सत्कार व्हावा म्हणून. दुसरे सचिवसाहेब, ज्यांच्या पाहुण्यांसाठी तो खणात आहे. तिसऱ्या विज्ञानाच्या मॅडम, ज्यांना हे ठाऊक होतं." त्यांनी माझं नाव घेतलं, आडनावासकट. "चौथा मी. ह्या गावात इतकी वर्षं काढली, वस्तीचा रस्ता परवा पहिल्यांदा पाहिला."

माझी मान खाली गेली होती, आणि तरी आतून कुणीतरी म्हणत होतं, वा! वा सर! इथं थांबले असते तर मी आयुष्यभर त्या माणसाच्या पाया पडले असते.

ते थांबले नाहीत. "पाचवी ती दोन पोरं, जी उसाजवळ हिच्यासमोर गाडी आडवी लावतात. ती इथंच कुठंतरी बसली असतील."

मागून एक शिट्टी आली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. बायकांच्या बाजूला कुजबूज सुरू झाली आणि सगळ्या माना शीतलकडं वळल्या. तिच्या गळ्यात हार होता. ती सरांकडं बघत होती. ती नजर मी विसरू शकत नाही आणि विसरू नयेच. तिच्या वडलांनी अंगावरची शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली, लेकीचा दंड धरला आणि स्टेजवरून खाली उतरून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी शीतल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांना मेमो मिळाला. त्याचं त्यांना काही नव्हतं, उलट मेमोतल्या भाषेवर त्यांनी लाल पेनानं खुणा करून ठेवल्या होत्या. पण चौथ्या दिवशी ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "वस्तीवर येता का? मला एकट्याला धीर होईना."

वडील ओट्यावर बसले होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. "लेकीचा तमाशा केलाव माझ्या," इतकंच म्हणाले. "पाव्हण्यारावळ्यांत." सरांनी हात जोडले. म्हणाले, मी खरं तेच बोललो, पण...

"खरं?" शीतल आतून बाहेर आली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "खरं माजं होतं सर! तुमचं न्हवतं. मी तुम्हाला इस्वासानं सांगितलं होतं. तुमी न्हाई सांगणार म्हनलाव. अन् सगळ्या गावासमोर माइकवर सांगितलं! मला इचारलं का? एकदा तरी इचारलं का?" वडील "गप" म्हणाले तर त्यांच्यावर उलटली, "कामून गप? त्या पोरांला कुणी गप म्हनंना, माजीच शाळा बंद करायलाव!"

मी सरांना वर्षभर शब्द पारखताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी पारखत वेळ घालवला नाही. खाली बघून म्हणाले, "चुकलं माझं, बाळा."

"चुकलं तर चुकलं. मला गाडी पायजे," ती म्हणाली. "बाकी तुमचं तुमी बगा."

वडलांनी तेवढ्यावर तोडलं. गाडी दारात आली तर पाठवीन. नाहीतर शाळा बास. दिवाळीनंतर एक स्थळ बघायला यायलंय. दहावीतली पोर, आणि स्थळ!

मुख्याध्यापकांकडं गेलो. ते आता दुखावलेले होते, आणि दुखावलेला साधा माणूस फार वाईट. म्हणाले, "पत्र देतो की. सरांनी माफीनामा द्यावा. झालेलं बोलणं बेजबाबदार अन् खोटं होतं, असं लिहून. मी प्रार्थनेला वाचून दाखवणार. सचिवसाहेबांची तशी अट हाय."

सर म्हणाले, "त्यात खोटं काय होतं ते सांगा. 'खोटं' हा शब्द मी लिहिणार नाही." आणि उठले.

एक आठवडा गेला. दुसरा गेला. सर रोज तास घ्यायचे, रोज तिसऱ्या बाकाकडं बघायचे आणि रोज ताठ मानेनं खोलीवर जायचे. स्टाफरूममध्ये दोनतीन जण त्यांना हळूच म्हणायला लागले, "सर, मानलं तुमाला, काय जिद्द हाय!" ते ऐकून माझं डोकं सणकलं. संध्याकाळी मी तरातरा त्यांच्या खोलीवर गेले. ते परातीत पीठ मळत होते.

"सर, हे काय चालवलंय तुम्ही?" मी दारातूनच सुरू केलं. "एक पोरगी घरी बसलीय, तिला बघायला लोक यायलेत, अन् तुम्ही एका शब्दावर अडून बसलाय? कुणाशी जिद्द करायलात? त्या हेडमास्तरशी? तो काय तुमच्या तोलाचा आहे? तुमची मान ताठ राहतीय ती तिच्या जिवावर! तुम्ही पोराबाळांना शिकवता कुणाशी म्हणून विचारा. मी विचारते आता. तुमच्या समोर कोण उभंय, बघितलं का? ती उभीय! तिच्याच आडवे झालात तुम्ही."

आणखीही बरंच बोलले. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. बोलता बोलता रडले, आणि स्वतःचं रडणं ऐकून जास्तच चिडले, कारण मला कुठं अधिकार होता? जुलैत "बरं सर" कुणी म्हटलं होतं? मीच ना! माझी मान्यता शाबूत होती, माझ्याकडं कुणी माफीनामा मागितला नव्हता.

सरांनी हात धुतले. पीठ तसंच राहिलं. सदऱ्याला हात पुसत म्हणाले, "मजकूर काय पाहिजे म्हणाले होते? बेजबाबदार आणि?"

"खोटं," मी म्हणाले.

"हां. खोटं."

सकाळी त्यांनी तो कागद दिला. मुख्याध्यापकांनी सांगितला तसाच, एकही शब्द न बदलता, त्या मोत्यासारख्या अक्षरात. प्रार्थनेला तो माइकवर वाचला गेला. सर शिक्षकांच्या रांगेत हात मागं बांधून उभे होते. ज्या मुलांना त्यांनी आयुष्यभर सांगितलं की तोंडातून शब्द काढताना विचार करा, ती सगळी मुलं वळून वळून त्यांच्याकडं बघत होती. मला वाटत होतं, आत्ता हा माणूस काहीतरी बोलेल, एक तरी टोमणा मारेल. नाही. मुख्याध्यापकांनी सही केली, शिक्का मारला. सरांनी पत्राची शाई वाळायची वाट बघितली आणि पहिली गाडी पकडून डेपोत गेले. तिथल्या साहेबांनी यादी चाळून विचारलं म्हणे, "जूनचा अर्ज आत्ता आणायलाव गुरुजी?" सर म्हणाले, "हो. उशीर झाला." सोमवारपासून फेरी लागली.

सर पुढं निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. ज्या शाळेत शिपायाच्या मुलीच्या बारशाचासुद्धा सत्कार व्हायचा, तिथं सरांना चहा पाजायला मुहूर्त सापडला नाही. ते पिशवी घेऊन परभणीला मुलाकडं गेले. माझी मान्यता वेळेवर आली, हेही लिहून ठेवते. पेढे मी वाटले नाहीत, त्यानं काय फरक पडतो म्हणा.

पण तो सोमवार सांगायचा राहिला.

साडेनऊपासून फाटकात गर्दी. सचिवसाहेब आलेले, पांढरेशुभ्र. मुख्याध्यापकांच्या हातात नारळ, शिपायाच्या हातात हार. मागं फ्लेक्स, 'संस्थेच्या अथक प्रयत्नांना यश'. अथक! मला फोटो काढायला उभं केलं होतं आणि मी, निर्लज्जपणे, फोन धरून उभी होते. सर लांब, लिंबाखाली, एकटे.

गाडी आली. अकरा पोरं उतरली. शेवटी शीतल उतरली. तिच्या वडलांनी शब्द पाळला होता. मुख्याध्यापक तोंडभर हसून पुढं झाले, "ये बेटा, ये. नारळ तुझ्याच हातानं फोडायचा. साहेब, जरा हिकडं या, मॅडम, घ्या फोटो!"

शीतलनं नारळाकडं बघितलं. सचिवसाहेबांकडं बघितलं.

"घंटा झाली सर," ती म्हणाली आणि बाजूनं निघाली.

मुख्याध्यापकांचा हात तसाच पुढं राहिला. ती लिंबाजवळून गेली तेव्हा सर एक पाऊल पुढं आले, त्यांनी तिचं नाव घेतलं. ती थांबली नाही. त्यांच्याकडं तिनं मानही वळवली नाही. सर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत उभे राहिले, आणि खोटं सांगत नाही, त्या माणसाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता.

पहिला तास माझा होता. मी फोन पर्समध्ये टाकला आणि जवळजवळ पळतच वर्गात गेले. ती पहिल्या बाकावर येऊन बसली होती. आधी तिथं बसणारी मुलगी मुकाट्यानं सरकली होती. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. इतक्या दिवसांचं साठलेलं, जुलैपासूनचं. मी बाकाजवळ गेले, "शीतल, मी त्या वेळी..."

तिनं वही उघडली, समास आखला.

"बावीस दिवस बुडलेत माजे, मॅडम. शिकवा."

बाहेर नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मी खडू घेतला आणि फळ्यावर पाचव्या धड्याचं नाव लिहायला लागले.

"चौथा घ्या आधी," ती म्हणाली. "त्योबी बुडलाय."